आईचं आजारपण कोण सांगणार

“‘दीर्घ आजारानं गेली’ एवढं पुरे,” मोलोकी पुन्हा म्हणाला. “लोकांना तेवढ्यावरून कळतं. सगळ्या गावासमोर आईच्या शरीराची चर्चा कशाला?”

“आणि ते तरी सांगणार कोण? तू?” मामांनी विचारलं. “तू होतास कुठे?”

मोलोकी राजधानीत, गाबोरोनला विमा कंपनीत आहे. माइक हातात आला की छान बोलतो. महिन्याअखेरीला न चुकता घरी यायचा, फळं आणायचा, आईजवळ बसायचा. पण आईला उठवणं-बसवणं, जखम धुणं, हे त्याच्या बहिणीनं, सेथून्यानं केलं होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं.

सेथून्या भिंतीशी गादीवर बसली होती, सुतकातल्या बाईनं दफन होईपर्यंत बसायचं असतं तशी. खांद्यावर शाल, मान खाली. मी शेजारीण, पाकोची आई, आठवडाभर तिच्याजवळ बसायला येत होते. मागच्या अंगणात पुरुष उद्याच्या जेवणासाठी बैल सोलत होते. दफन उद्या पहाटे होतं आणि कार्यक्रमाचा कागद छापायला आजच द्यायचा होता. शेजाऱ्यांतर्फे कोण, चर्चतर्फे कोण, सगळी नावं ठरली होती. आजारपण कोण सांगणार, तेवढी एक जागा रिकामी होती. ज्यानं शुश्रूषा केली त्यानं शवपेटीजवळ उभं राहून सांगायचं, की आजार कसा आला, कसा वाढला, माणूस कसं गेलं. आमच्या मोचुडी गावात आजवर हे कुणी चुकवलेलं नाही.

“तिला उभं करू नका,” आत्या म्हणाल्या. “एक तर गादीवर बसलेल्या बाईनं उठू नये. आणि चर्चमधलं विसरलात? चार ओळी वाचायच्या होत्या. पुस्तक धरून उभी राहिली ती राहिलीच. शेवटी पाद्र्यानं गाणं सुरू केलं म्हणून सुटली. उद्या तसं झालं तर लोक म्हणतील, हिनंच काहीतरी लपवलंय.”

आत्या जिभेनं तिखट, पण खोटं बोलत नव्हत्या. सेथून्याची ही गोष्ट सगळ्या वस्तीला ठाऊक होती. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की तिच्या तोंडाला कोरड पडायची आणि मुलं हसायची. पुढे तिनं घरीच शिवणकाम सुरू केलं, गणवेश नि लग्नाचे कपडे. एका वेळी एक गिऱ्हाईक, त्यामुळे निभून गेलं. कॉम्बीत, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसमध्ये, बसली तर उतरायच्या जागी ड्रायव्हरला ओरडून सांगणं तिला जमायचं नाही. दुसरं कुणी थांबवीपर्यंत बसून राहायची आणि मग मागे चालत यायची. आम्ही थट्टा करायचो, “सेथून्या, आज कुठपर्यंत फिरून आलीस?” तीही हसायची. नळाला पाणी नाही म्हणून मुखियाच्या बैठकीत तक्रार करायची होती, तेव्हा मला पुढे ढकलून ती माझ्या पाठीमागे उभी राहिली.

आई गेली आणि दुसऱ्याच दिवसापासून माणसं यायला लागली. येणारी प्रत्येक बाई आधी गादीजवळ बसते, हात हातात घेते आणि विचारते, काय झालं गं? मग सांगावं लागतं. दुसऱ्या कुणाला पुढे करून पाठीमागे लपायला इथे जागाच नसते. पहिल्या बाईला सेथून्यानं तुटक तुटक सांगितलं. मधेच रडली, मधेच थांबली. दुसरीला थोडं जास्त सांगितलं. पुढे पुढे तिला कळत गेलं, की कुठून सुरुवात केली म्हणजे समोरची माणसं ऐकत राहतात. ती सुरुवात करायची फ्रॉकपासून.

नाताळसाठी आईला फ्रॉक शिवायचा होता. माप घ्यायला गेली तर आई छातीभोवती टेप लावू देईना. जुन्या मापानंच शिव, म्हणाली. सेथून्यानं तसाच शिवला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं, तेव्हा तिनं हट्ट धरला. आईनं कपडा बाजूला केला. गाठ केव्हाच फुटली होती. दुखत नव्हती म्हणून सुरुवातीला कुणाला सांगितली नाही, आणि नंतर लाज वाटली म्हणून.

हे ऐकताना बायकांचे हात शालीआड जायचे. काही जणी उठताना हळूच विचारायच्या, केवढी होती सुरुवातीला? पलीकडच्या वाड्यातली बोनोलो दोन मुलांची आई. ती हे ऐकून गेली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून थेट इकडेच आली. गाठ आहे म्हणाली, तपासायला मोठ्या दवाखान्यात पाठवणार आहेत. सेथून्यानं तिला गादीवर आपल्याशेजारी बसवून घेतलं.

आता मोलोकीनं पेन उघडलं. “मी माझं नाव लिहितो. थोडक्यात आटपतो.”

“छाती हा शब्द तुझ्या तोंडून निघेल?” मामांनी विचारलं.

मोलोकीनं आत्यांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “मोठी माणसं बसलेली असणार, मामा.”

मी सेथून्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, “काल चर्चच्या बायका आल्या होत्या, तेव्हा ही खोली भरली होती. दारात उभ्या होत्या काही. तू सांगितलंस ना?”

“त्या एकेक करून आल्या, पाकोची आई.”

“आल्या एकेक करून. ऐकलं सगळ्यांनी मिळून.”

तिनं दाराकडे पाहिलं, जणू त्या अजून तिथे उभ्या आहेत.

“तिथे पुरुष असतील,” ती म्हणाली.

“त्यांच्याही बायका आहेत घरी.”

बाहेर कुणीतरी भल्यामोठ्या काळ्या भांड्याखाली लाकडं सारली. आत्या चहाचे कप गोळा करत अजून बोलतच होत्या. गादीवरच्या बाईनं कसं बसावं, कसं उठावं, त्यांच्या आईच्या वेळी कसं होतं. सेथून्यानं शाल नीट केली. तिची बोटं शालीच्या काठाशी चाळा करत होती, टाका तपासतात तशी.

“मोलोकी, माझं नाव लिही,” ती म्हणाली.

आत्यांनी कप खाली ठेवले.

“पहाटे मी बोलणार आहे. फ्रॉकपासून सुरू करणार आणि छातीची गाठ म्हणणार. आत्या, मी गादीवरून उठणार, तेव्हा शाल तुम्ही सांभाळा. आणि मोलोकी, माइक तू धर. माझे हात थरथरणार आहेत.”