न झाडलेला ओटा

आज शेजारच्या काकूंचा ओटा दुपारपर्यंत झाडलेला नव्हता. घरचं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की त्या दिवशी मागे केर काढायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. काकूंचा धाकटा सकाळच्या एसटीने फौजेत परत गेला. सुट्टी अर्धी झाली तोच परत बोलावल्याची तार आली.

मी भाकरी घेऊन गेले, तर टीव्हीवर दिल्लीतले पुढारी भांडत होते. परक्या मुलखात चाललेल्या लढाईवर आणखी फौज पाठवायची की नाही?

"बघ, अजून ठरलं नाही," काका म्हणाले.

"त्यांचं ठरायचं राहिलंय. आपलं पोर तर गेलं की," काकू म्हणाल्या.

मोठ्यांचा निर्णय गरिबाघरी आधी पोचतो, त्यावरचं बोलणं मागून येतं, असं माझ्या मनात आलं.

काकूंना लिहिता येत नाही. त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. "लिही, दिल्लीत नको म्हणणारेही आहेत."

मी लिहिलं. काकू कागदाकडे बघत राहिल्या.

"खोड ते. वाचून पोराचा जीव तिथं लागायचा नाही."

मी ती ओळ खोडली आणि त्या सांगतील तसं पुढे लिहिलं, 'वेळेवर जेवत जा.'