दादाने पत्र बरोबरच वाचलं होतं

गोंदियाच्या फलाटावर बाबांनी माझी ट्रंक स्वतः डब्यात चढवली. माय पदर तोंडाशी धरून उभी होती. माझा मोठा भाऊ नामदेव, माझा दादा, खिडकीच्या गजाला धरून होता. गाडी हलली तेव्हा बाबा म्हणाले, "येजो तं धानाचा डाक्टर होऊनच येजो." दोघांपैकी एकालाच शिकवणं जमणार होतं, म्हणून सातवीनंतर दादा बांधीत, भाताच्या खाचरात, उतरला होता. त्या दिवशीही दादाच्या नखांत रोवणीचा चिखल होता.

याला पन्नास वर्षं होत आली. गावी, दवनीवाड्यात, मला अजून डॉक्टर म्हणतात. इंग्लंडला मी शिष्यवृत्तीवर शेतकी शिकायला आलो, पण पहिल्या वर्षाच्या पुढे गेलोच नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. दिलीप, तू दादाचा मुलगा. हे पत्र पारावर लोकांसमोर मोठ्याने वाच. माझी पत्रं दादा तिथेच वाचायचा.

झालं असं की वसंतातल्या सुट्टीत कॉलेजने आम्हाला दोन आठवडे फार्मवर पाठवलं. डोंगरातला फार्म, टॉम नावाचा एकटा म्हातारा आणि तीनशे मेंढ्या. कोकरं जन्मायचे दिवस होते. कोपरापर्यंत साबण लावून अडलेलं कोकरू कसं ओढायचं, पेंढ्याने चोळून त्याला श्वास कसा घ्यायला लावायचा, हे टॉमने मला शिकवलं. ज्या चिखलातून सुटावं म्हणून बाबांनी मला शिकवलं, त्याच चिखलात मी परक्या देशात हौसेने उभा होतो. इथे तो माझ्यावर लादलेला नव्हता, एवढाच फरक. दोन आठवडे संपले, तरी मी दर शुक्रवारी बस धरून तिकडे जाऊ लागलो. मग सोमवारी परतेनासा झालो. दगडी बांध रचायला शिकलो, कुत्र्याला शिट्टीवर वळवायला शिकलो. जूनमध्ये तीन विषयांत नापास झालो. त्यात पिकांचे रोग हा एक. सप्टेंबरात फेरपरीक्षा होती. घरी लिहिलं, लायब्ररीत बसून असतो.

ऑगस्टमध्ये दादाचं पत्र आलं. ते हॉस्टेलच्या टपालाच्या खणात आठ दिवस पडून होतं, कारण मी फार्मवर होतो. कोणीतरी तिकडे पाठवलं तेव्हा मी गवताच्या गाडीवर उभा होतो. दादाने लिहिलं होतं, "धानाच्या पानावर डोयासारखे डाग पडले, मधात राखेच्या रंगाचे. गावातले लोक तुझ्या उत्तराची वाट पाहून राहिले. बेगीन लिव."

तो करपा रोग होता; युरियाने आणि बांधी कोरडी पडल्याने तो वाढतो. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हे चित्रासकट होतं. मी ते पान कधी उघडलं नव्हतं. कॉलेजला जाऊन पुस्तक बघायला एक दिवस लागला असता. पण कापलेलं गवत वाळलं होतं, पश्चिमेला ढग दाटत होते आणि टॉम हाका मारत होता. मी गाडीवरच बसून दहा ओळी लिहिल्या. धानाला जोर कमी पडतो आहे, युरिया द्या, बांधीतलं पाणी सोडून द्या. ठामपणे लिहिलं, कारण शंका दाखवली असती तर मी शिकत नाही हे कळलं असतं. पाऊस यायच्या आत आम्ही सगळं गवत कोठारात भरलं. मला फार समाधान वाटलं, हेही लिहून ठेवतो.

आमचा धान गेला. दादाचं ऐकून ज्यांनी ज्यांनी पाणी सोडलं, त्यांचाही गेला. लोंब्या माना टाकून वाळल्या. दिवाळीनंतर दादाचं दुसरं पत्र आलं, ते माझ्याजवळ आहे. त्यात लिहिलं आहे, "तुझं पत्र मी चुलीत टाकलं. बाबाले सांगतलं का मीच उलटं वाचलो. तू फिकर नको करू, मन लावून शिक." तेव्हा फेरपरीक्षा होऊन गेली होती. मी तिला बसलो नव्हतो.

त्या पत्रानंतर तरी मी कॉलेजात परतायला हवं होतं, नाहीतर गावी. मी टॉमकडे राहिलो आणि घरी पास झाल्याचं कळवलं. दादाला गाव तेव्हापासून 'उलटा मास्तर' म्हणतं. दर वेळी मी आलो की गळ्यात झेंडूचा हार पडतो, आणि तो घालायला लोक दादालाच पुढे करतात. तो हसत घालतो.

दिलीप, गेल्या रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला. "काका, पानावर डाग पडून राहिले. काय करू?" मागे खाटेवरून दादा म्हणाला, "युरिया नको देऊ. पाणी राहू दे बांधीत." तू मागे न बघताच बोललास, "तुमी कायले मधात बोलता बाबा? तुमचं वाचणं साऱ्या गावाले ठाऊक हाये." कोणीतरी हसलं. दादाने पडद्यावर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हव, त्यालेच इचार. तो शिकला हाये."

मी नेटवर्कचं निमित्त सांगून फोन बंद केला. नेटवर्क चांगलं होतं.

दिलीप, तुझा बाप सांगतो तेच कर. पन्नास वर्षांपूर्वी त्याने माझं पत्र अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं. चूक माझ्या लिहिण्यात होती, आणि ती अज्ञानाची कमी, आळसाची जास्त होती.

माझ्या दारासमोर आजही मेंढ्या चरतात. तरी घर कुठे असं कोणी विचारलं की तोंडून दवनीवाडा निघतो. पण ज्या घरी मी मानाने येत राहिलो, ते दादाने स्वतःचं नाव खराब करून माझ्यासाठी उघडं ठेवलेलं घर आहे. हे पारावर वाचल्यावर ते उघडं राहील की नाही, मला ठाऊक नाही. तरी वाच.

आणि वाचून झालं की हा कागद तुझ्याजवळच ठेव. अंगणात पाणी तापवायची चूल अजून पेटते. दादाच्या हाती देऊ नकोस.