आतोबांचा स्टर्नड्राइव्ह

पोरीसाठी स्थळ बघताना कुणा बापानं केली नसेल एवढी चौकशी आमच्या आतोबांनी बोटीच्या पंख्यासाठी केली. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, साताऱ्याचे निवृत्त सुभेदार. आमचं गाव पाटणकडचं. ते कोयनेच्या धरणात बुडालं आणि आम्ही माधवनगरला आलो. आत्याचं माहेर मात्र पाण्याखाली गेलं ते गेलंच. "तुला तिथवर माझ्या बोटीतनं नेतो," असा शब्द आतोबांनी तिला दिला होता. जुनी फायबरची बोट मिळालीही, पण तिला ड्राइव्ह कुठला बसवायचा यात नव्वदच्या दशकातली निम्मी वर्षं गेली.

मागच्या फळीला टांगायचं आउटबोर्ड इंजिन त्यांना साफ नामंजूर. "त्येच्या आवाजानं ही पान्यात उडी टाकंल!" त्यांना हवा होता स्टर्नड्राइव्ह: इंजिन बोटीच्या पोटात, पंखा बाहेर, आणि खाली बुडालेली झाडं आडवी आली तर पंख्याचा पाय वर उचलता येणारा. तोही एकमेकांच्या उलट फिरणाऱ्या दोन पंख्यांचा. "एकटा बैल एका अंगालाच वढतो रं. जोडी पायजे!" माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला, हातात पोह्यांची बशी असताना, त्यांनी गिअर रेशो विचारला. तो बिचारा कापड गिरणीतला. "पोरगा गुणाचा हाय, पन ड्राइव्हमदलं कायबी कळत न्हाई," हा निकाल त्यांनी त्याच्या वडिलांसमोरच दिला. तरीही लग्न झालं, ही त्या मंडळींची सहनशक्ती.

अखेर मनासारखा ड्राइव्ह बसला. आता वाहन म्हटलं की पूजा आलीच. आत्यानं हळदकुंकू वाहिलं आणि आतोबांनी नायलॉनच्या दोऱ्यातला झेंडूचा हार पंख्यांच्या जोडीला बांधला, तोही फौजी गाठ मारून. नव्या वाहनाचा हार काढतं कोण! आम्ही तिघं झोकात निघालो. मागं पाण्यावर पाकळ्या पसरत गेल्या, आणि भर जलाशयात इंजिन घुसमटून बंद पडलं. दोरा दोन्ही पंख्यांत गच्च आवळला होता.

पंख्याचा पाय वर उचलून आतोबा ओणवे झाले आणि चाकूनं दोरा कापताना हिंदीतून शिव्या घालू लागले. मी हसू दाबत त्यांचा पट्टा धरून होतो. आत्या मात्र काठाकडं बघत होती.

"आवं, त्यो डोंगर आमच्या मागल्या दाराचा. हितंच खाली घर हाय."

"निघाला दोरा! चल, येळ झाला."

तिनं हात पाण्यात सोडला. "म्हायेरी आल्यावर लगीच कुनी जातं व्हय? बसा की वाईच."

ते घर मला आठवतही नव्हतं, तरी मी पट्टा सोडून पाण्यात वाकून बघितलं. आतोबांनी चाकू मिटला, डोक्यावरची टोपी नीट केली, आणि सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे अवघडून बसून राहिले.