भावजींच्या बाटलीतला थेंब

जरा जवळ ये बघू, अशी समोर बस. तुमच्या घरी आलेय ती तुझा कान धरायलाच. शहापूरला मैत्रिणीच्या लग्नाला आलीस आणि मुरबाडला न येता तशीच परत गेलीस? कॉलेजात काचेच्या नळ्या तापवायला शिकलीस म्हणून मामीआजी विसरायची? अगं, त्या नळ्या आमच्याकडे तुझ्या जन्माआधीपासून तापत होत्या. तुझे आजोबा, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, आमचे भावजी. त्यांच्याइतका अन्नावर संशय घेणारा माणूस माळशेजच्या अलीकडे झाला नाही, आणि पलीकडेही झाला नसावा.

मुरबाडच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते आणि कोटाच्या खिशात आयोडीनची बाटली कायमची मुक्कामाला. लग्नाच्या पंगतीत लोक पहिला घास देवाला काढून ठेवतात. भावजी पहिला थेंब बासुंदीत टाकत. निळी पडली की "पीठ आहे" असं मोठ्यानं सांगत, आणि मुलीच्या बापाचं तोंड बासुंदीहून निळं होई. दिवाळीत माझा लाडू खायच्या आधी ते जुन्या वर्तमानपत्रावर दाबून ठेवत, मग कागद उजेडाकडे धरून म्हणत, "वहिनी, डागातून पलीकडचं नीट दिसत नाही. तूप कमी पडलंय." तूप कमी पडलंय हे मला ठाऊक नव्हतं? डब्यात होतं तेवढं घातलं होतं मी. पाहुण्यांची गत तर विचारूच नकोस. इतर घरांत आल्यागेल्याला पाणी देतात. भावजी त्याच्या हातात रिकामी बाटली देत आणि परसाकडे बोट दाखवत. मग स्पिरिटच्या दिव्यावर नळी उकळायची. अंड्याच्या पांढऱ्यासारखं साकळलं तर एक दुखणं. निळं औषध घालून विटेसारखं तांबडं झालं तर लघवीत साखर. माझे वडील एकदा येऊन गेले, ते पुन्हा म्हणून मुरबाडला आले नाहीत.

हे सगळं मी पोटात घातलं. पण चांगुणेचं नाही घातलं, आणि आजही घालणार नाही.

चांगुणा नदीपलीकडच्या पाड्यावरची. नवरा गेलेला, एका म्हशीवर घर चालायचं. आमच्या सगळ्या आळीत तिचंच दूध. एका सकाळी भावजींनी घरच्या तपेल्यातल्या दुधात थेंब टाकला आणि दूध निळं पडलं. झालं. ओट्यावर उभं राहून त्यांनी आळीला ऐकवलं, "ही बाई दुधात पेज घालते. शास्त्र खोटं बोलत नाही."

चांगुणा खाली उभी, दुधाची कासंडी कमरेवर. ओरडली नाही, की रडली नाही. म्हणाली, "दादा, पेज दुदात घालीन तं माझी पोरां काय पितील? दूद तुमी पिता, आमी पेजच पितो."

याहून चोख पुरावा कुठल्या नळीत निघेल, सांग मला. पण आळीला नळी दिसली, बाई दिसली नाही. दुसऱ्या दिवशी एकाही दारात तिचं दूध घेतलं नाही. भर पावसाळ्यात छातीएवढ्या पाण्यातून डोक्यावर कासंडी घेऊन यायची ती, आणि तिला बघून या शहाण्यांनी दारं लोटली. म्हैस काय आमच्या शास्त्रासाठी आटणार होती? ते दूध तिनं ओतायचं कुठं?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच भावजींच्या घरात शिरले, टेबलावरची बाटली उचलली आणि थेंब टाकला तो त्यांच्या धोतरावर. तुझी आजी पेजेची खळ करून ते धोतर कडक करायची. गुडघ्यावर निळाशार डाग उमटला.

"भावजी, धोतरातपण चांगुणाच पेज घालते का?"

मग एक थेंब ताटाच्या कडेवर, एक मोरीतल्या ओगराळ्यावर. जिकडे थेंब तिकडे निळं. अगं, भाताचा मुलूख हा. इथं पेज कशाला लागलेली नसते? तेवढ्यात तुझी आजी पदर तोंडाला लावून पुटपुटली, "त्या दिवशी पेज मी त्याच तपेल्यात गाळली होती. विसळलं होतं की."

भावजींनी डागाचं धोतर बदललं नाही, तसेच उठले. मग घासूनपुसून नळी घेतली, पाड्यावर गेले, चांगुणेकडून म्हशीची धार थेट नळीत घेतली आणि थेंब टाकला. नुसतं पिवळट. पुढच्या बाजारच्या दिवशी, भाजीवाल्यांच्या मधोमध उभं राहून त्यांनी आरोळी दिली, "चांगुणेचं दूध चोख आहे. भांडं माझं खरकटं होतं." लोक पोट धरून हसले. भावजी हसले नाहीत. सगळ्यांचं हसून होईपर्यंत तिथंच उभे राहिले. एवढं मात्र त्यांचं मानायला हवं.

आळी पुन्हा दूध मागायला लागली. चांगुणा घाली, पण आधी प्रत्येकीचं भांडं उपडं करून, आतून बोट फिरवून बघे. कुणाची बोलायची छाती नव्हती. मला तर रोज सकाळी ते बघून गार वाटायचं.

पुढं दुसरं महायुद्ध संपण्याच्या सुमाराला भावजी वाळत चालले. सारखी तहान. एका सकाळी ओट्यावर एकटेच बसलेले दिसले, हातात नळी, विटेसारखी तांबडी. मला वाटलं, असेल कुणा पाहुण्याची. तर म्हणाले, "वहिनी, पुन्हापुन्हा धुऊन बघितलं. भांडं खरकटं नाही."

त्यांचं शास्त्र खोटं निघावं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. भाताच्या मुलखात राहून भात सुटला त्यांचा; नाचणीची भाकरी पुढ्यात घेऊन बसायचे. चांगुणेला कळलं. दुसऱ्या दिवशी ती आली, भावजींनी सवयीनं तपेलं उपडं करून पुढं धरलं. तिनं ते सरळ केलं आणि न बघताच दूध ओतलं. भावजी होते तोवर तसंच.

आता तिची सून घालते दूध. तेव्हा या सुट्टीत मुरबाडला ये, उशीर करू नकोस, माझंही वय झालं. चहा करीन, लाडू करीन. तूप असेल तेवढंच घालीन. कागद आणि बाटली तेवढी घरी ठेवून ये.