सात नंबरच्या टाकीचा हिरवा तुकडा

माझा दादा तेल शुद्ध करायच्या कारखान्यात टाक्या रंगवायचा. एकतीस वर्षं. मालक चार झाले, रंगारी एकच.

पहिला मालक म्हातारा, स्वतः शिडी चढायचा. त्याचा रंग राखाडी. तेव्हा दादा आधी गंज खरवडायचा, मग पितळी हातोडीने पत्रा वाजवायचा. पितळी, कारण ठिणगी नको. खणखणीत वाजला तर रंग, बद्द वाजला तर पत्रा बदला. म्हातारा गेला, पोरांनी कारखाना विकून टाकला. दुसऱ्याने टाक्या पांढऱ्या केल्या, तिसऱ्याने हिरव्या. खरवडायला वेळ कुणाला? मारा वरून. दादा म्हणायचा, नवा मालक नवे कपडे घालतो, अंघोळ कोणी घालत नाही.

चौथे आले त्यांना निळा पाहिजे. दादाने सात नंबर वाजवली आणि तडक घरी आला. खिशातून रंगाचा पोपडा काढून माझ्या हातावर ठेवला. हिरवा, पांढरा, राखाडी, आणि मागे नुसता भुगा.

"टाकी रंगावर उभी आहे गं," म्हणाला.

साहेबाला दाखवला तर साहेब म्हणे, "तू रंगारी की डॉक्टर?"

"पेशंट तरी बघा येऊन, साहेब."

"शुक्रवारी मालक येणार. निळी कर."

केली. पण खाली दाराएवढा तुकडा हिरवाच ठेवला, आणि सगळ्यांना सांगितलं, हिरवं दिसेल तिथून लांबून चला. मी डबा द्यायला गेले तेव्हा बघितलं, गवतात वळसा घालून नवी पायवाट पडली होती.

शुक्रवारी सकाळी दादाचा फोन. "साहेबाला ठिगळ दिसलं. तेही निळं कर म्हणतोय. टाकी काठोकाठ आहे."

"नाही म्हण ना!"

"मग दुसऱ्याला पाठवतील. त्याला काय कळतंय? मी हलक्या हाताने मारतो."

साडेदहाला आमच्या खिडक्या थरथरल्या.

आता कंपनी म्हणते, रंगाऱ्याने खरवडलं म्हणून पत्रा फाटला. अहो, खरवडणी आणि हातोडी दोन्ही त्या दिवशी घरीच होती, वहिनीच्या दाराआड. तो नुसता ब्रश घेऊन गेला होता.

परवा कळलं, पाचवा मालक येतोय. गेटवर रंगाचे डबे उतरलेत. आठ नंबर त्याच साली बांधलेली. हातोडी आमच्याकडे आहे. कुणीतरी या आणि घेऊन जा.