रेषेला बोट लागलं होतं का?

माझं लग्न ठरलं त्या क्षणी मी अंगणात पालथा पडलेलो होतो आणि माझ्या होणाऱ्या बायकोचा घोटा माझ्या दोन्ही हातांत होता. आजूबाजूला दोन्हीकडची वडीलधारी मंडळी होती आणि त्यांतल्या कुणालाही यात काही वावगं वाटत नव्हतं.

हे असं का झालं ते नीट सांगायला हवं, कारण अर्धवट ऐकलेल्या लोकांनी माझ्याविषयी वाटेल ते समज करून घेतले आहेत.

नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात होतो. तयार झालेले नट-बोल्ट मापात आहेत की नाहीत ते बघायचं, हे माझं काम. लग्नाचं वय झालं होतं. (आईच्या मते ते उलटूनही चाललं होतं.) स्थळ आणलं रघूकाकांनी. रघूकाका म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, सिन्नरपासूनचे दोस्त. अतिशय सज्जन माणूस. दोघांचा वाद लागला की दोघांनाही वेगवेगळं गाठून "तुमचंच बरोबर आहे" असं सांगायचे आणि घरी जाऊन शांत झोपायचे.

मुलगी पिंपळगाव बसवंतची. बी.कॉम. झालेली. नाव सुजाता. वडिलांची द्राक्षबाग आणि स्वतःचं पॅकहाउस.

"वडिलांचं नाव काय?" अण्णांनी विचारलं.

"भाऊसाहेब म्हणतात त्यांना सगळे," रघूकाका खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"भाऊसाहेब तर आपल्या जिल्ह्यात गल्लीगणिक असतात," अण्णा म्हणाले, आणि पुढची चौकशी तिथेच राहिली. ती तेव्हा झाली असती तर माझा खांदा वाचला असता. पण मग सुजाताही मिळाली नसती, म्हणून मी तक्रार करत नाही.

ऐन द्राक्षांच्या हंगामातल्या एका रविवारी आम्ही गेलो. अण्णा, आई, रघूकाका आणि मी. मला नवी पँट शिवली होती. तिची इस्त्री मोडू नये म्हणून आईने मला रघूकाकांच्या गाडीत पाय सरळ ठेवून बसवलं होतं.

भाऊसाहेब दारातच उभे होते. आडवा देह, पांढऱ्या मिशा, मोठा आवाज. "या, या. ऊन लय झालंय, आत या." पोहे आले. पोहे घेऊन सुजाता आली. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं, पण ते बघणं असं होतं की मी पोह्यांत लिंबाची बी चावली आणि गिळूनही टाकली. मुलगी मला पसंत होती. हे मी तोंडाने सांगणार एवढ्यात अण्णा भिंतीवरच्या एका फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

फोटोत बनियन आणि हाफपँट घातलेली पोरं होती. मधोमध एक उंच, सडपातळ, काळ्या मिशांचा तरुण हातात ढाल घेऊन उभा.

"हा कोण?" अण्णांचा आवाज बदलला होता.

"मीच की," भाऊसाहेब कौतुकाने म्हणाले. "जिल्हा अजिंक्यपद. कबड्डी. फायनलला सिन्नरला पाडलं होतं."

आईने डोळे मिटले. मीही.

हा सामना आमच्या घरात जेवणाइतकाच नियमित होता. सिन्नर आणि पिंपळगाव, अंतिम सामना, गुण बरोबरीत, शेवटची चढाई. पिंपळगावचा एक उंच पोरगा 'कबड्डी कबड्डी' करत सिन्नरच्या अंगणात शिरतो. अण्णा झेप घेऊन त्याचा घोटा धरतात. तो पडतो, हात लांबवतो, आणि मध्यरेषेला बोट लागलं असं पंच जाहीर करतात. ढाल पिंपळगावला. बोट लागलं नव्हतं, हे अण्णांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की माझ्या बहिणीने शाळेत 'माझे बाबा' या निबंधात पहिलंच वाक्य ते लिहिलं होतं.

"ते बोट," अण्णा हळूच म्हणाले, "लागलं नव्हतं."

भाऊसाहेबांनी अण्णांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांच्या टकलाकडे. त्यांच्या मनात तिथे केस उगवत असावेत. "घोटेवाला?" ते म्हणाले. "तू तो घोटेवाला हायस?"

"अहो, पोहे गार होतायत," काकू, म्हणजे सुजाताची आई, म्हणाल्या. कुणी लक्ष दिलं नाही.

"आपण भांडायला आलोय की मुलगी बघायला?" आईने दबक्या आवाजात विचारलं.

"मुलगी बघितली. चांगली आहे," अण्णा म्हणाले. "आता हे बघू."

तेवढ्यावर कदाचित निभावलं असतं. पण नाशिकला नवं क्रीडागृह बांधायचं घाटत होतं आणि त्याच्या भिंतीवर जिल्ह्यातल्या जुन्या नामवंत कबड्डीपटूंचे फोटो लावायचे होते. एका दशकाचा एकच मानकरी. भाऊसाहेब म्हणाले, "आमच्या दशकासाठी माझं नाव गेलंय."

अण्णांनी कप खाली ठेवला. "माझंही गेलंय."

मग जी चर्चा झाली तिला बैठकीची खोली पुरेना. "जो जिंकला तो मानकरी," भाऊसाहेब म्हणाले. "सोपं हाय."

"जिंकला नाय, जिंकवला," अण्णा म्हणाले. रागावले की त्यांचं नाशिकचं मराठी उतरून सिन्नरचं वर येतं. "तुम्ही चढाईवाले हवेत उड्या मारता, लोक टाळ्या वाजवतात. पकडणारा खाली मातीत असतो. त्याचा फोटो कोण काढतो? तुमच्या त्या फोटोत तरी हाय का एखादा मातीत पडलेला?"

हे बोलताना त्यांनी फोटोतल्या पोरांच्या पायांखालच्या मातीवर बोट टेकवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं की हा विषय नुसता जेवणाच्या पानावरचा नाही.

भाऊसाहेब म्हणाले, "पंचांना विचारा की. रेषेवर कोण होतं तेव्हा?"

अण्णा सावकाश वळले. रघूकाका पोह्यांतली मिरची शोधत होते.

"रघू," अण्णा म्हणाले, "रेषापंच तू होतास."

(मुलगी दाखवायला आम्हाला कुणाच्या घरी नेतोय हे या माणसाला पूर्ण माहीत होतं. पुढे त्यांनी खुलासा केला की सोयरीक झाली तर दोघं गोड होतील, असा त्यांचा हिशेब होता.)

"होतो," रघूकाका म्हणाले. "पण माझ्या डोळ्यात धूळ गेली होती."

"मग हात कशाला वर केलास? तुझा हात बघून तर मोठ्या पंचांनी शिट्टी मारली."

"डोळा चोळायला."

सुजाताने पदर तोंडाला लावला होता. तिचे खांदे हलत होते आणि ती रडत नव्हती, एवढं मला दिसलं.

"डोळा चोळायला," अण्णा पुन्हा म्हणाले. मग खुर्चीत बसले.

"त्यानं चोळू नायतर फोडू," भाऊसाहेब म्हणाले, पण त्यांचाही आवाज खाली आला होता. "बोट माझं होतं. मला ठाऊक हाय."

"त्या जागेवरून रेषेला हात पुरतच नाही."

"पुरतो."

"दाखव."

दोघं उठले. तेव्हा मात्र काकू आणि आई एकदम मध्ये आल्या. भाऊसाहेबांना रक्तदाब होता आणि अण्णांचा गुडघा वर्षापूर्वीच दुरुस्त करून आणला होता. खेळायचं नाही म्हणजे नाही. दोघांनी मुलांसारखी तोंडं पाडली. मग अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

मी आयुष्यात कॅरम सोडून काही खेळलो नव्हतो. कॅरमलाही राणी घ्यायच्या वेळी हात थरथरायचा. "अण्णा, मी?" मी म्हणालो.

"नुसता घोटा धरायचाय," अण्णा म्हणाले. "रक्तात आहे तुझ्या."

भाऊसाहेबांचा मुलगा बंगलोरला नोकरीला. त्यांच्या बाजूने कोण, असा प्रश्न आला. तेव्हा सुजाताने पोह्यांच्या बशा गोळा केल्या, त्या काकूंच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "मी येते. कॉलेजच्या टीमची कॅप्टन होते."

ही माहिती रघूकाकांनी आम्हाला दिली नव्हती.

अंगणातले द्राक्षांचे क्रेट भिंतीकडे सरकवले गेले. काकूंनी, आता इलाज नाही अशा चेहऱ्याने, रांगोळीची मध्यरेषा काढून दिली. सुजाता पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला गच्च बांधून आली. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "धरताना अंगठा आत घ्या. नाहीतर मोडेल."

इतक्या आपुलकीने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

ती चढाईला आली. 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी...' मी तिच्यासमोर शाळेतल्या प्रार्थनेला उभं राहावं तसा उभा. ती इकडून तिकडे झाली. तिचा पाय माझ्या अगदी समोर आला आणि मला संस्कार आडवे आले. समोर तिची आई उभी होती. मी विचारलं, "धरू का?"

"परवानगी कसली मागतोस?" अण्णा गरजले.

मी डोळे मिटून झेप घेतली. घोटा सापडला. अंगठा आत घेतला. क्षणभर आपण जिंकलो असं मला वाटलं, आणि मग घोटा चालायला लागला. मीही त्याच्यामागून चालायला लागलो, पोटावर. पँट गुडघ्यावर कुठेतरी फाटल्याचा आवाज आला. माझे पाय क्रेटच्या चळतीला लागले आणि वरचे दोन क्रेट द्राक्षांसकट माझ्या पाठीवर आले. खांद्यात काहीतरी कट् झालं. पण मी सोडलं नाही. सुजाता पडली, तिने हात लांबवला, आणि सगळं थांबलं.

थांबली नाही ती फक्त सुजाता. पालथी पडूनही तिचं 'कबड्डी, कबड्डी' चालूच होतं, कारण शिट्टी कुणी वाजवली नव्हती.

अण्णा गुडघा विसरून जमिनीवर आडवे झाले. समोरून भाऊसाहेबही झाले. दोघांनी रेषेला डोळे लावले.

"लागलं," भाऊसाहेब म्हणाले.

"रेष कुठाय?" अण्णांनी विचारलं.

रेष भाऊसाहेबांच्या पोटाखाली होती. ते उठले तेव्हा ती त्यांच्या सदऱ्यावर आली होती.

"रघू, तू बघितलंस ना?" दोघांनी एकदम विचारलं.

रघूकाका रेषेकडे पाठ करून सांडलेली द्राक्षं वेचत होते.

शेवटी भाऊसाहेबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "पकड मात्र त्याच घरची हाय," ते म्हणाले. "एवढा फरफटला, पण सोडलं नाय पोरानं."

अण्णांनी सुजाताकडे पाहिलं. "आणि एवढा गडी घेऊन रेषेपर्यंत गेली. दम आहे." मग म्हणाले, "भाऊसाहेब, फोटो तुमचा लागला तरी चालेल मला. पण खाली माझं नाव लिहा, घोटा कुणी धरला होता त्याचं."

"तुझा लागला तर बोट कुणाचं होतं तेबी लिहायचं," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांनी अण्णांना हात देऊन उठवलं. "मग? ठरलं समजायचं?"

"ठरलं," अण्णा म्हणाले.

आम्हाला कुणीच विचारलं नाही. सुजाताने 'कबड्डी' थांबवून मान वळवली. "आता पाय सोडा."

"सोडला असता," मी म्हणालो, "पण हात हलत नाहीये."

लग्नात माझा उजवा हात झोळीत होता. मांडवात जो तो विचारायचा, काय झालं? अण्णा सांगायचे, स्कूटरवरून पडला. पण भाऊसाहेबांना खोटं बोलणं जमत नाही. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "आमच्या मुलीला पकडायला गेला होता." माझ्या कारखान्यातले लोक तेव्हा जेवत होते. त्यानंतर नोकरी सोडेपर्यंत मला तिथे कुणी नावाने हाक मारली नाही.

क्रीडागृह व्हायला बरीच वर्षं गेली. नवं शतक उजाडलं, आमची मुलगी शाळेत जायला लागली, सुजाता नाशिकच्या सिडकोतल्या मुलींना कबड्डी शिकवायला लागली. इकडे दोन्ही व्याह्यांनी फोटो निवडणाऱ्या समितीच्या लोकांना घरी जाऊन जाऊन इतकं पटवलं की समिती कंटाळली. शेवटी त्या दशकाचा मानकरी म्हणून समितीने एकमताने रघूकाकांची निवड केली. ज्येष्ठ पंच, निःपक्षपाती म्हणून. हार घालायला अण्णा आणि भाऊसाहेब यांना बोलावलं होतं. दोघांनी एकच हार दोन बाजूंनी धरून घातला आणि घालताना त्यांचे चेहरे असे होते की रघूकाकांनी स्वतःच मान मागे घेतली.

मग सूत्रसंचालकांनी प्रशिक्षक म्हणून सुजाताचा सत्कार केला आणि सहज विचारलं, "मॅडम, तुमचे मिस्टरही खेळाडू आहेत का?"

"एकदाच खेळले," सुजाता माइकवर म्हणाली. "बाद झाले."

पहिल्या रांगेतून अण्णा उठले. "बाद कसा होईल? बोट लागलं नव्हतं."

"लागलं होतं," शेजारून भाऊसाहेब उठले.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. आता आपणच काहीतरी बोलून हे मिटवावं म्हणून मी उभा राहिलो आणि हात वर केला. माझा उजवा हात लग्नापासून खांद्याच्या वर जात नाही. तो तसाच अर्धवट उचललेला बघून एक स्वयंसेवक लगबगीने माझ्यापाशी आला, वाकला, आणि अदबीने कानात म्हणाला, "काका, स्वच्छतागृह बाहेर पडलात की डाव्या हाताला आहे."

मी गेलो. तिथे निदान कुणी वाद घालत नव्हतं.