कमी शिकलेला हात

ऊस पिळायच्या चरकात माझा उजवा हात मनगटापासून गेला, तेव्हा मी पुण्यात इंटर आर्ट्सला होतो. सुट्टीत इंदापूरजवळच्या आमच्या मळ्यात आलो होतो आणि कॉलेजात शिकल्याच्या तोऱ्यात चरकात ऊस घालायला बसलो. वेळेवर हात काढून घ्यायची अक्कल मात्र नव्हती.

डाव्या हाताने तासाभरात जेमतेम अर्धं पान लिहून व्हायचं. कॉलेजच्या कारकुनाने विद्यापीठाला अर्ज करायला लावला. उत्तर आलं: परीक्षेला लिहिणारा माणूस सोबत आणायला परवानगी आहे, बाकीच्या अटी केंद्रावर कळतील.

मग धाकट्या बहिणीने वही उघडली. ती बारामतीला मामाकडे राहून नववीपर्यंत शिकलेली. पुढे घरच्यांनी बस्स म्हटलं. मी सांगायचो, ती लिहायची. इंग्रजी शब्द अडला की स्पेलिंग सांगायचो. दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. चार महिन्यांत ती अशी तयार झाली, की मी थांबलो तरी पुढचं वाक्य तिला कळायचं. पुण्याला नेसायचं लुगडं तिने घडी घालून उशाखाली ठेवलं होतं.

आमचे वडील, आबा, म्हणाले, "इद्यापीठात अर्धवट शिकलेली पोरगी न्हेऊन हसं करून घ्यायचं व्हय? बारामतीच्या हायस्कुलात बी.ए. झालेलं मास्तर हाईत. त्यास्नी इनंती करतो."

सोयऱ्यांकडे बोलणी करायला जाताना घरातला मोठ्यात मोठा माणूस पुढे करायचा, तसंच विद्यापीठाचं असणार, असं आबांना वाटत होतं. त्यांचं एक वेळ ठीक. पण मी का गप्प राहिलो? खरं सांगतो, कॉलेजातल्या पोरांदेखत नऊवारीतली बहीण शेजारी बसवायची मला लाज वाटत होती.

परीक्षेच्या दिवशी मास्तर इस्त्रीचा कोट घालून आले. केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी त्यांचं शिक्षण विचारलं. आबांनीच छाती पुढे काढून सांगितलं, "बी.ए. हाईत."

"मग चालणार नाहीत," अधिकारी म्हणाले. "लिहिणारा परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा. नाहीतर उत्तरं कुणाची समजायची? घरात तसं कुणी नाही का?"

"हाय की," आबा पुटपुटले. "पोरगी हाय. पर ती तिकडं घरी."

तिला आणायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरी; तोवर सगळे पेपर संपले असते. तेवढ्यात घंटा झाली. तो पेपर आणि पुढचे सगळे पेपर मी डाव्या हाताने लिहिले. पहिल्या दिवशी दीड प्रश्न झाला. नापास झालोय हे कळायला निकालाची वाट बघावी लागली नाही.

घरी पोचलो तेव्हा बहीण भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं, "दादा, पयला प्रश्न कुठला हुता?"

मी सांगितला. ते सबंध इंग्रजी उत्तर, सरावात मी सांगितलं होतं तसंच, तिने शेवटच्या वाक्यापर्यंत म्हणून दाखवलं. तव्यावरची भाकरी करपली. मला मान वर करवेना.

"मला आबांनीच न्हेऊ दिलं न्हाय, न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी पुन्हा परीक्षेला बसलो नाही. आबा जाईपर्यंत ती त्यांच्याशी धड बोलली नाही. माहेरी आली की पाण्याचा तांब्या आधी माझ्या हातात द्यायची, आणि मी तो घ्यायचो.